मानाचं खाचर

आपण दुसऱ्याला किती दिलं याची आठवण ठेवणारी माणसं जगात पैशाला पासरी मिळतात. पण दिलेल्यातलं त्याच्या अंगी किती लागलं, अशी चौकशी करणारा माणूस मी सत्तरीला टेकेपर्यंत एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, उंच, सडपातळ, पांढऱ्या पॅंटीशिवाय घराबाहेर न पडणारे, आणि शर्टाच्या खिशात दोन पेनांच्या शेजारी कायम एक भिंग बाळगणारे गृहस्थ. "घातलं किती आणि अंगी लागलं किती?" हा त्यांचा प्रश्न. तो त्यांनी चहाला विचारला, अक्षतांना विचारला, माझ्या नोकरीला विचारला, आणि शेवटी आमच्या दादाच्या भाताला विचारला. त्या शेवटच्या प्रश्नामुळे आज आमच्याकडे घरचा तांदूळ शिजतो. त्यांच्या तोंडावर हे बोलायला गेलो तर ते लगेच भिंग काढतील, म्हणून लिहून ठेवतो आहे.

ते पहिल्यांदा आमच्या बदलापूरच्या घरी आले ते लग्नाची बोलणी करायला. माझ्या बायकोनं ठेवणीतले कप काढले होते. चहा पिऊन झाल्यावर व्याह्यांनी कप खिडकीच्या उजेडाकडे तिरका धरला आणि आत बघत बसले. माशी पडली की काय म्हणून आम्हीही माना लांब केल्या. "विहीणबाई, साखर किती घातली होती?" त्यांनी विचारलं. "दोन चमचे," बायको चाचरत म्हणाली. "त्यातली अर्धा चमचा इथं तळाशी बसलीय. म्हणजे मी दीड चमच्याचाच चहा प्यायलो. बिचारी उसाच्या शेतातून इथवर आली आणि आता मोरीत जाणार." मग त्यांनी थोडं गरम पाणी मागवलं, कप विसळला आणि ते पाणी पिऊन टाकलं. मुलाचा पगार, मुलीची नोकरी, लग्नाची तिथी हे विषय त्यानंतर निघाले. ते गेल्यावर बायको माझ्यावर उखडली. "हुंडा नको, मानपान नको म्हणाले तेव्हाच मला शंका आली होती. आपण मुलगी सून म्हणून देतोय की प्रयोगशाळेत नोकरीला लावतोय?" त्यानंतर कितीतरी दिवस ती त्यांचा उल्लेख 'तो साखरेचा गाळ' असा करत होती.

लग्नात तर त्यांनी कहर केला. मंगलाष्टकं चालू, हॉल भरलेला, आणि वरपिता म्हणून बोहल्याशेजारी उभं राहायचं सोडून हे फरशीकडे बघत खुर्च्यांच्या रांगांतून हिंडतायत. एवढ्या माणसांनी उधळलेल्या अक्षतांतल्या नवरानवरीच्या डोक्यावर जेमतेम मूठभर पडल्या होत्या, बाकीच्या खुर्च्यांवर, फेट्यांवर आणि भटजींच्या पुस्तकात. शेवटच्या रांगेत माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, पानाचा तोबरा भरून लांबूनच अक्षता भिरकावत होता. व्याह्यांनी त्याचा हात वरच्या वर धरला. "दादा, लांबून भिरकावू नका. जवळ या, थोड्याच घ्या, पण डोक्यावर ठेवा." दादाला त्यांनी हाताला धरून बोहल्यापर्यंत नेलं. मुलीकडचा वडीलधारा माणूस, आणि वरपित्याचा शब्द, त्यामुळे दादा मुकाट गेला आणि पुतणीच्या डोक्यावर चार दाणे ठेवून परत आला. परत आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "एवढ्या लग्नांत अक्षता टाकल्या," तो मला म्हणाला, "पन पोरीचा तोंड असा जवलून कवा बगला नव्हता."

माझ्यावर पाळी आली ती लग्नानंतर. मी अंबरनाथच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. एका दुपारी व्याही अगदी निरागसपणे म्हणाले, "मास्तर, तीस वर्षं घातलंत. अंगी लागलं किती?" मी रागानं दोन दिवस त्यांचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र पाटावर बसून ज्यांना मराठी खरोखर अंगी लागलं अशा विद्यार्थ्यांची नावं आठवायला लागलो, आणि सातव्या नावावर अडलो. खरं ते सांगायचं म्हणून फोन करून सांगितलं. सातही नावं त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, "सात? वाईट नाही. मी तर एकसुद्धा नाव सांगू शकणार नाही." त्यांच्या प्रश्नामागं काहीतरी दुखतंय हे मला तेव्हा प्रथम जाणवलं.

ते काय होतं हे गावी गेल्यावर कळलं. आमचं गाव बारवी धरणाच्या वरच्या अंगाला. दादा आणि वहिनी तिथं भात लावतात. घराखालचं, विहिरीजवळचं मोठं खाचर हे आमचं मुख्य पोट. त्यातला तांदूळ गावी दादाला आणि बदलापूरला मला वर्षभर पुरतो. लग्नानंतरच्या श्रावणात मी व्याह्यांना गाव दाखवायला घेऊन गेलो, आणि नेमका त्याच वेळी दादा खाचरात उतरून युरिया टाकत होता. गुडघ्याला लागेल एवढं पाणी, वर रिमझिम, आणि दादा टोपलीतून मुठी भरभरून पांढरे दाणे उधळतोय. व्याह्यांचा चेहरा कुणीतरी आपलं पोर विहिरीत टाकताना बघावं तसा झाला. त्या पांढऱ्या पॅंटीनिशी ते बांधावरून अक्षरशः धावले.

"दादा, काय करताय हे!"

"खत टाकतोय, पाव्हणं. पोरपनापासून असाच टाकतो. भात काय म्हनत नाय."

"म्हणत नाही, पण दरवर्षी लोळतो ना?"

दादाची मूठ टोपलीतच राहिली, कारण वर्मावर बोट पडलं होतं. आमचा भात दिसायला गावात सगळ्यांत हिरवागार, आणि कणसं भरली की परतीच्या पावसात सपशेल आडवा. मग चिखलात रुतलेली ती कणसं ओणवं होऊन हातानं उचलत, एकेक मूठ कापत वहिनीची कंबर कामातून गेली होती. निम्मा दाणा तिथंच कुजायचा किंवा उगवायचा. पडवीत बसल्यावर व्याह्यांनी समजावलं. पाण्यावर फेकलेल्या युरियातला काही हवेत उडून जातो, काही पाण्याबरोबर बांध ओलांडून ओढ्याला लागतो, काही झिरपत विहिरीत उतरतो. भाताच्या अंगी लागतो तो निम्मासुद्धा नाही.

"म्हनून तं मी दुप्पट टाकतो," दादा म्हणाला.

व्याह्यांनी कपाळावर हात मारला. "आणि ते एकदम मिळालं की भात नुसता उंच वाढतो. काडी मऊ राहते, कणसाचं ओझं पेलत नाही. उरलेलं ओढ्यातून बारवीत जातं, बारवीचं पाणी मास्तरांच्या नळाला. म्हणजे तुमचा युरिया मास्तर पितायत."

"त्याच्या पन अंगी लागलेला दिसत नाय," माझ्या बरगड्यांकडे बघत दादा म्हणाला. सगळे हसले. व्याही हसले नाहीत. पडवीत खेळणाऱ्या पोरीकडे बोट करून ते म्हणाले, "तुमची नात त्या विहिरीचं पाणी पिते, दादा." मग थोड्या वेळानं, खाली बघत, सांगायला लागले. अंबरनाथला येण्याआधी नोकरीची पहिली बारा वर्षं त्यांनी एका खत कारखान्यात काढली होती. हवेतला नायट्रोजन पकडून त्याचं खत करायला केवढी आग लागते, केवढा दाब, किती वायू जाळावा लागतो, एक व्हॉल्व्ह चुकला तर काय होतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. शेजारच्या प्लॅंटवरचा त्यांचा एक सोबती त्यात डोळे गमावून बसला होता. "आम्ही ते एवढ्या आगीतून काढलं. वाटायचं, देशाच्या पोटात जातंय. मग कुठंतरी वाचलं की त्यातलं निम्म्याहून जास्त कुणाच्याच पोटात गेलं नाही. तेव्हापासून दाणा वाया जाताना बघवत नाही, दादा. माझी बारा वर्षं गेली कुठं, ते शोधतोय मी." वहिनी उठली आणि चहा ढवळायला गेली.

त्या वर्षीही भात आडवा झाला. दिवाळीत आम्ही व्याह्यांना घेऊन गेलो तेव्हा वहिनीला उठून उभं राहतानाही भिंतीचा आधार लागत होता, आणि पडवीत बदलापूरजवळच्या खरवईकडच्या नव्या इमारतींसाठी जमिनी बघणारा एक दलाल मिठाईचा डबा घेऊन बसला होता. तो गेल्यावर दादा म्हणाला, "अजून एक साल बगतो. पुन्हा पडला तं लावनार नाय. देऊन टाकू." हे ऐकून व्याही उभे राहिले, त्यांनी शर्ट नीट केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा वरपक्षाच्या थाटात बोलले. "दादा, लग्नात आम्ही मानपान घेतला नाही. तो आता घेणार. मला ते खालचं खाचर द्या. एक हंगाम. लावा तुम्ही, कापा तुम्ही, भात तुमचा. फक्त खत माझ्या सांगण्यावरून." आता मुलीच्या सासऱ्यानं मान म्हणून मागितलेली वस्तू नाकारायची कशी? दादानं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. घोडं, चांदीची भांडी, मोटरसायकल मागितलेले व्याही मी ऐकून होतो. खाचर मागून ते खताच्या नियमासकट परत करणारा हा पहिलाच.

लावणीच्या दिवशी ते खताच्या गोळ्या घेऊन आले. युरिया दाबून केलेल्या, लिमलेटच्या गोळीएवढ्या. चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्यांच्या, मधोमध एक गोळी, बोटानं चिखलात खोल खोचायची, की पाण्याला आणि हवेला पत्ता लागत नाही, मूळच तिच्यापर्यंत जातं. "अक्षतांसारखंच," ते दादाला म्हणाले, "जवळ जाऊन, थोडंच. तिथं डोक्यावर, इथं पायाशी." पुढे वरून खत द्यायचं की नाही हे पानाच्या रंगावरून ठरवायचं. त्यासाठी एक प्लॅस्टिकची रंगपट्टी मिळते. ती त्यांनी एका कृषी अधिकाऱ्याकडून चार दिवसांसाठी मागून आणली होती. वहिनीसाठी तशीच एक पट्टी बनवायला ते मला घेऊन उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका मॅचिंगच्या दुकानात गेले. सिंधी मालक गादीवर बसला होता.

"बोलो साईं, साडी किधर है?"

व्याह्यांनी ओल्या रुमालात गुंडाळलेलं भाताचं पान काउंटरवर ठेवलं. "ये साडी है."

दुसरा कुणी असता तर त्यानं पोलीस बोलावले असते. पण ज्यानं हजार बायकांच्या हजार तऱ्हा पाहिल्या आहेत तो मॅचिंगवाला पानानं काय डगमगणार? त्यानं पान ट्यूबलाइटखाली धरलं, मग दारात नेऊन उन्हात धरलं, आणि धडाधड हिरव्या कापडांचे गठ्ठे खाली टाकले. तासाभरानं आम्ही सोबत नेलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीशी जुळणारे चार हिरवे निघाले, फिक्यापासून गडदपर्यंत: पिस्ता, पोपटी, मेंदी आणि बाटली. शेजारच्या शिलाईवाल्यानं ते एका पट्टीवर शिवून दिले. निघताना मालकानं विचारलं, "साईं, इसको धोने का है क्या?" व्याही हसले. "भाताला कोण धुतंय, शेठ!"

ती पट्टी वहिनीनं देवाशेजारच्या खिळ्याला टांगली. नियम सोपा होता. सकाळी, आपल्या सावलीत, पान पट्टीवर ठेवायचं. मेंदीला जुळलं किंवा त्याहून गडद दिसलं तर काही द्यायचं नाही. त्याहून फिकं पोपटी दिसलं तर खाचरातलं पाणी काढून अगदी थोडं खत. श्रावण सरला तसे दादाचे हात शिवशिवायला लागले. शेजारची खाचरं काळीभोर हिरवी झाली होती, आमचं जरा उजळ. येणारा-जाणारा विचारायचा, "काय, व्याह्याच्या मानाचा भात उपाशी काय?" युरियाची गोणी पडवीत होती, दादा दिवसातून दोनदा तिच्याभोवती फिरायचा, आणि वहिनी पट्टी घेऊन समोर उभी राहायची. "मेंदी हाय." दुसऱ्या दिवशी, "आज पन मेंदीच." दादानं वैतागून फोन केला की व्याही म्हणायचे, "मेंदी ना? मग एक दाणा टाकायचा नाही." दादानं टाकला नाही. लग्नातला मान होता, मोडता येत नव्हता.

गणपती गेल्यावर व्याही स्वतः आले. कणसं पोटातून बाहेर पडायला लागली होती. त्यांनी पट्टी हातात घेतली, भिंगातून पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. पिशवीतून त्यांनी पुन्हा मागून आणलेली प्लॅस्टिकची पट्टी काढून शेजारी धरली. बाटलीची मेंदी झाली होती आणि मेंदीचा पोपटी.

"वहिनी, ही धुतली का कुणी?"

"दर शनवारी," वहिनी म्हणाली. "साबन लावून. चिखलाची पट्टी देवाजवल कशी टांगनार?"

व्याही पांढऱ्या पॅंटीनं ओल्या बांधावर बसले. फिक्या पडलेल्या पट्टीवर भात गेले कितीतरी दिवस मेंदीचा दिसत होता. खरं तर तो भूक लागल्याचं सांगत होता, आणि हे फोनवरून 'एक दाणा टाकू नका' म्हणून बजावत होते. आता खत द्यायची वेळही निघून गेली होती. वहिनीच्या डोळ्यांना पाणी आलं, तसे ते चटकन उठले. "तुमची चूक नाही. पट्टी स्वच्छ ठेवायलाच हवी. अंबरनाथच्या नोकरीत मी रंगाच्या कारखान्यांना वर्षानुवर्षं रसायनं पुरवली, आणि हिरवा पक्का की कच्चा हे बघितलं नाही. त्या शेठनं विचारलंसुद्धा होतं." मग दादासमोर उभं राहून हात जोडून म्हणाले, "दादा, तुमचं वर्षाचं पोट मी माझ्या हट्टापायी धोक्यात घातलं. मला माफ करा." वरपित्यानं मुलीच्या काकापुढं हात जोडलेले आमच्या गावानं कधी पाहिले नव्हते. दादानं घाईघाईनं त्यांचे हात धरले. त्या दिवशी ते चहा न पिताच गेले.

पुढच्या पंधरवड्यात परतीचा पाऊस आला. चार दिवस वाऱ्यासकट कोसळला. पाचव्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला, आणि "लवकर ये" एवढंच म्हणून त्यानं तो ठेवला. मी घाबरून गावी गेलो. शेजारची काळीभोर खाचरं गालिचा अंथरावा तशी आडवी झाली होती, आणि आमचं खाचर उभं होतं. थोडं वाकलेलं, थोडं बुटकं, पण उभं. वहिनीनं त्या वर्षी भात कंबरेत न वाकता कापला. झोडून मोजला तर गेल्या वर्षीएवढाच भरला, वर एक पोतं, आणि वापरलेलं खत निम्म्याहून कमी. दिवाळीत दलाल आला, त्याला दादानं नव्या तांदळाची पेज पाजली आणि बांधापर्यंत सोडून आला.

व्याह्यांना हे सांगितलं तर त्यांना आनंद व्हायचा सोडून नवीच चिंता लागली. "हा प्रयोग बाद. पट्टी खोटी होती. मधे थोडं दिलं असतं तर कदाचित आणखी पिकलं असतं, कळायला मार्ग नाही." शेवटी दादानंच फोन माझ्या हातातून घेतला. "पाव्हणं, चुकून का होईना, ह्या सालचा तुमचा खत अंगी लागला. मी बगितला ना. मी सांगतो." पलीकडून आवाज आला तो नाक शिंकरल्याचा. पुढच्या हंगामासाठी त्यांनी पक्क्या रंगाचं कापड आणलं, ते घरी सात वेळा धुऊन पाहिलं, आणि गावी पाठवताना सोबत एक साबणाची वडीसुद्धा दिली.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. गावात अर्ध्याअधिक खाचरांत गोळ्या खोचतात आणि पानाला 'पोपटी आला', 'मेंदी हाय' असं म्हणतात. ही नावं कॅम्प पाचमधून आली हे नव्या माणसाला सांगूनही पटत नाही. दादा अजून लावतो. वहिनीची कंबर बरी आहे. माझ्या ताटात रोज जो भात पडतो तो त्या खाचरातला आहे, आणि पहिला घास घेताना मी मनातल्या मनात त्या माणसाला नमस्कार करतो, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

व्याह्यांचे डोळे मात्र गेली दोन वर्षं अधू होत चालले आहेत. मोतीबिंदू काढला, पण आतला पडदाच विरलाय म्हणतात डॉक्टर. यंदाच्या श्रावणात आम्ही त्यांना गावी नेलं. बांधावर खुर्ची टाकून दिली. त्यांनी पान पट्टीवर ठेवलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि दादाच्या हातात दिलं. "मला सगळे हिरवे एकच दिसतात आता. तुम्हीच सांगा." दादानं पान आपल्या सावलीत धरलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं आणि सांगितलं, "मेंदी." व्याह्यांनी मान हलवली. भिंग खिशातच राहिलं.

परत येताना ते आमच्याकडे थांबले. माझ्या बायकोनं चहा दिला. पिऊन झाल्यावर सवयीनं त्यांनी कप खिडकीच्या उजेडाकडे तिरका धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि मग माझ्यापुढं केला. "मास्तर, बघा जरा. काय राहिलं खाली?"

मी बघितलं. तळाशी काही नव्हतं. माझी बायको हल्ली त्यांच्या चहात साखर थोडी कमीच घालते, आणि बराच वेळ ढवळत उभी राहते.